सुमनआत्याचा कडा नसलेला पट

माझी सुमनआत्या बुद्धिबळाच्या पटाला ‘खुराडं’ म्हणते. चौसष्ट घरांत माणसाने खेळायचं काय, असं तिचं म्हणणं. तिच्या पटाला कडाच नाही. ग्राफपेपरला ग्राफपेपर चिकटवत तो आमच्या घाटकोपरच्या दोन खोल्यांत पसरत फ्रिजपर्यंत पोचला, तेव्हा तिने आम्हाला फ्रिज सरकवायला लावला.

मोहरेही तिचे वेगळेच. शर्टाचं बटण म्हणजे जिराफ. बाटलीचं बूच म्हणजे टोळ. तो दुसऱ्या मोहऱ्यावरून उडी मारल्याशिवाय हलत नाही. राजाला पळायला चारी दिशा मोकळ्या, मग त्याला मात कशी द्यायची, असली तिची कोडी. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यापासून हाच उद्योग. बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला तिने एकदा तरी पकडून बसवलंय. चाल चुकली की "ऊठ, तुझ्याने नाही व्हायचं." माझ्या बाबांचा, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाचा, जिराफ एक घर चुकला, त्यांना पुन्हा बसू दिलं नाही. टिकले एकटे पेडणेकर. तिच्या ऑफिसातले, राहायला मानखुर्दला. दर शनिवारी फोनवर चाल सांगायचे.

माझं लग्न ठरवायला रोहितचे आईवडील सांताक्रूझहून यायचे होते. मी आत्याला पट उचलायला सांगितलं. ती म्हणाली, चाल पेडणेकरांची आहे, आपण हात लावायचा नाही. पेडणेकरांचा फोन येऊन सात महिने झाले होते. पाहुणे भिंतीला घासत सोफ्यापर्यंत गेले. तरी रोहितच्या बाबांचा पाय टोळावर पडलाच. आत्याने पाहुणा म्हणून एवढीच सवलत दिली, की ‘ऊठ’ऐवजी ‘उठा’ म्हणाली.

लग्न ठरलं. पण ते गेल्यावर मी रागाने सगळा पट गुंडाळला. मोहरे खोलीभर उडाले. आत्या खाली बसून एकेक वेचत राहिली. दुसऱ्या दिवशी रविवार. दर रविवारी ती कुठे जाते, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. गुंडाळी काखोटीला मारून ती निघाली. मला लाज वाटत होती, म्हणून मीही सोबत गेले.

मानखुर्दच्या घरी पेडणेकर खाटेवर बसले होते. त्यांची सून मला हळूच म्हणाली की बाबा आता कुणालाच ओळखत नाहीत, तरी आत्या दर रविवारी येतात. आत्याने पट पसरला, आठवून आठवून सगळे मोहरे होते तसे मांडले आणि थांबली. बऱ्याच वेळाने पेडणेकरांनी हाताला लागला तो मोहरा उचलला आणि भलतीकडेच ठेवला. ती चाल चुकीची आहे, हे मलासुद्धा कळलं.

मी आत्याकडे पाहिलं.

"चांगली चाल आहे, पेडणेकर," ती म्हणाली. "आता मला विचार करावा लागेल."

आणि हनुवटीला हात लावून ती खरंच विचार करत बसली. सुनेने आणलेला चहा निवून गेला.