राऊत सरांचे सरकते आयन

आमच्या पालघरच्या कॉलेजातले राऊत सर कोलंबीचा भाव दोनदा विचारतात. बाजारात शिरताना एकदा आणि परत फिरताना एकदा. मुरबे गावची मासळीवाली मावशी वैतागते, "मास्तर, मगाशी सांगला ना?" सर शांतपणे म्हणतात, "तो जातानाचा. आता येतानाचा सांग."

हे खूळ प्रयोगशाळेतलं. सर पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकी पदार्थाचे सौरघट बनवतात. काचेवर नखाएवढा काळपट थर. त्यातून वीज मिळते, पण थरातले काही आयन जागेवर बसत नाहीत. उजेड पडला, व्होल्टेज दिलं की हळूहळू सरकतात. म्हणून व्होल्टेज वाढवत नेताना कार्यक्षमतेचा एक आकडा मिळतो, उतरवताना दुसरा. घाईघाईने मोजलं तर बरेचदा फुगलेलाच. मी त्याच प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकवतो, दिवसभर कानावर एकच वाक्य, "थांबा, आतली मंडळी अजून चालतायत!" चहा समोर आला तरी हेच.

एकदा बोईसरच्या एका कारखान्याचे साहेब घट पाहायला आले. पसंत पडला तर प्रयोगशाळेला मोजणीचं नवं यंत्र मिळणार होतं. सरांनी घट दिव्याखाली ठेवला. आकडा झकास आला. प्राचार्यांनी टाळीसाठी हात उचलले.

"थांबा," सर म्हणाले, "ह्यो खरा नाय."

आणि आमच्या डोळ्यांदेखत आकडा घसरत गेला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू आयन मीच सरकवले. यंत्र काही आलं नाही.

"खोट्या आकड्यावर यंत्र आणलं असतं, तर त्याच यंत्रानं उद्या मला पकडलं असतं," म्हणत सरांनी घट अंधाऱ्या कपाटात ठेवला. "निजू दे. अंधारात आयन माघारी फिरतात. सावरेल बराचसा."

त्या रविवारी विसरलेलं हेल्मेट आणायला कॉलेजात गेलो, तर सर प्रयोगशाळेत. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, समोर तोच घट.

"सावरला बघा!"

"छान! पण सर, हे उद्या मोजलं तर चाललं नसतं?"

"चाललं असतं की." त्यांनी दिवा मालवला, उगाच पुन्हा लावला. "घरी रविवार लय मोठा होतो हो. ही होती तेवा पुरत नव्हता."

मी हेल्मेट खाली ठेवलं आणि स्टूल ओढलं.