डोंगर एक, सायकल एक

हिराजीदादा पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा माझ्याशी बोलण्याआधी त्यांनी माझ्या मिक्सरवर हात ठेवला. मी चटणी वाटत होते, दार उघडं होतं. ते सरळ ओट्यापर्यंत आले, मिक्सरच्या डोक्यावर तळवा टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बेरिंग गेला. आठ दिस चालंल."

मिक्सर सातव्या दिवशी बंद पडला. मी वहीत तारीख लिहून ठेवली होती, म्हणून खात्रीने सांगते.

ही दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. भिवंडीजवळच्या पूर्ण्यात आमची इमारत नवी होती आणि समोरचं कौलारू घर हिराजीदादांचं. त्यांच्या भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहत होती. त्यातल्याच एका गोदामात मी माल पाठवण्याचं काम बघायची. दिवसभर याद्या, आणि घरी आल्यावर वाण्याची, दुधाची, दुरुस्तीची अशा आणखी तीन याद्या. "वयनी, तू जेवताना घास पण लिवून ठेवतंस काय?" हे त्यांचं माझ्याबद्दलचं मत.

शेती घरचे बघत. दादांनी स्वतः तीस वर्षं भिवंडीत मागाच्या कारखान्यात जॉबरचं काम केलं होतं. जॉबर म्हणजे बिघडलेला माग सुरळीत करणारा. चाळीस मागांच्या खडखडाटात कुठला माग रडतोय हे कानाने कळत नाही, म्हणून ते हाताने बघत. त्या खडखडाटाने कान जवळजवळ नेले, हात मात्र राहिला. इमारतीचा पंप, उभ्या एसटीचं बॉनेट, शेजारच्यांचा फ्रिज, जे चालू असेल त्याला हात लावल्याशिवाय ते पुढे जात नसत. टीव्हीसुद्धा आवाज बंद करून, वर हात ठेवून बघत. निदान झालं की एकच वाक्य: "हालतंय ते मोडतंय. घट्ट कर."

कारखान्यात त्यांच्याबरोबर कासमभाई होते. दोघांनी एका छपराखाली तीस वर्षं काढली. गावात हळदीला डीजे लागला की पाहुणे कानात बोटं घालून लांब पळत, आणि हे दोघे भिंतीएवढ्या स्पीकरला टेकून निवांत बसत. बोलायचं ते हातांनी. दोन बोटं आडवी धरून झटकली की 'कांडी संपली'. धोट्यातलं सूत संपलं, ही कारखान्यातली खूण. हळदीत तिचा अर्थ 'भूक लागली' असा होई. अख्ख्या मांडवात गप्पा मारू शकणारी तेवढीच दोन माणसं.

मग माग भंगारात गेले. कासमभाई लेकीकडे राहायला गेले, डोंगराच्या पलीकडच्या गावात. शुक्रवारी माग बंद, ही तीस वर्षांची सवय. म्हणून दादा दर शुक्रवारी स्कूटर काढून हायवेने त्यांच्याकडे जात. एकदा मागून कंटेनर हॉर्न देत आला, तो यांना ऐकू गेला नाही. थोडक्यात वाचले. त्याच आठवड्यात मुलाने स्कूटर विकून टाकली.

मुलगा वाईट नव्हता. म्हणाला, "बाबा, माझ्या गाडीतून सोडतो की." दादा दोनदा गेले, मग नको म्हणाले. "गाडी बाहेर हुबी रायली का मन घड्यालान जातं."

पाच शुक्रवार असेच गेले. दादा दारातल्या बाकावर बसून राहत. बायकोचं शिवणयंत्र विनाकारण उघडत आणि बंद करत. सहाव्या शुक्रवारी ते माझ्याकडे आले. "वयनी, वही काढ. मना सायकल घ्यायची हाय. डोंगर चढनारी."

डोंगरावरून बैलगाडीची जुनी वाट होती. हॉर्न नाही, कंटेनर नाही.

"दादा, तुमचं वय?"

"ते लिवू नको."

मी कामाला लागले. गोदामातल्या संगणकावर जेवण्याच्या सुट्टीत सायकलींची माहिती शोधली आणि यादी केली. पेडलपाशी साखळीचं पुढचं लहान चक्र खरंच लहान हवं, म्हणजे चढावर पाय हलके पडतात. मागचे गिअर सहा तरी हवेत. ब्रेक दोन्ही चाकांना सारखे घट्ट. टायर रुंद, नक्षी खोल. वजन एका हाताने उचलेल इतपत. पुढे धक्का झेलणारी स्प्रिंग. आणि सातवा मुद्दा, पाच हजारांच्या आत, कारण दादांना मुलाचे पैसे घ्यायचे नव्हते.

भिवंडीत आम्ही तीन दुकानं बघितली. तिसऱ्या दुकानातला दुकानदार मान हलवत म्हणाला, "चाचा, चढने का अलग आता है, उतरने का अलग. दोनो एक में मंगता तो पैसा जास्ती."

मी दादांना हे ओरडून आणि हातवारे करून सांगितलं. दादांनी त्याच्याकडे दयेने बघितलं. "डोंगर एक हाय. सायकली दोन कशाला?"

मग त्याने पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंग असलेली एक झगझगीत लाल सायकल काढली. माझ्या यादीत ती बसतही होती, आणि मला ती आवडली होती. दादा तिच्यावर बसले, चार पाय मारले आणि उतरले. "मी जोर लावतंय, त्यातला अर्धा मागचा स्प्रिंग खातंय. यो सावकार हाय." लाल सायकल बाद.

शेवटी कोपऱ्यातल्या एका करड्या सायकलीपाशी थांबले. स्प्रिंग फक्त पुढे, गिअर अठरा. त्यांनी ती उलटी केली, चाक गरकन फिरवलं, दांड्यावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. दुकानदाराला वाटलं, म्हातारा दुआ मागतोय. तोही हात बांधून गप्प उभा राहिला.

"ही बोलते नीट," दादा म्हणाले.

सातही मुद्द्यांवर बरोबरची खूण झाली. माझ्या आयुष्यात इतकी स्वच्छ यादी क्वचितच झाली असेल.

शुक्रवारी सकाळी दादा निघाले आणि दुपारी परत आले. मी जेवणाच्या सुट्टीत घरी आले होते. चहा पुढे केला, तर कप त्यांच्या हातात राहीना. बोटं थरथरत होती, मुठी मिटत नव्हत्या. शर्टाचं वरचं बटण उघडं, बहुधा बोटांना लावता आलं नव्हतं.

"कासमभाई भेटले?"

"भेटला. बोलनंच झालं न्हाय."

मला वाटलं, दोघांचं बिनसलं. तीस वर्षांच्या मैत्रीत होतं असं कधी कधी.

संध्याकाळी मी सायकल बघायला गेले. माझी यादी चुकली असेल तर मला झोप लागली नसती. पुढचं चाक दाबून बघितलं, तर स्प्रिंग तसूभरही हलेना. नीट बघितलं, तेव्हा कळलं. दादांनी स्प्रिंगच्या फटींत मागावरच्या जुन्या चामडी पट्ट्यांचे तुकडे ठोकून बसवले होते. एकदम पक्के, जॉबरच्या हाताचे. सायकल आणल्या दिवशीच त्यांना ती पुढे हलताना दिसली होती, आणि हलतंय ते मोडतंय. सगळी उतरण, दगडान् दगड, त्यांच्या मनगटांत गेली होती.

"दादा, ही हलायलाच पाहिजे," मी दोन्ही हातांनी दाबण्याचा अभिनय करून सांगितलं.

त्यांना ते पटायला दोन दिवस लागले. घट्ट केलेलं स्वतःच्या हाताने सैल करायचं, हे त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. पण मग स्वतः सगळे तुकडे काढले, एकेक धुऊन डब्यात ठेवले.

पुढच्या शुक्रवारी मी रजा टाकली. दादा डोंगरावरून येणार होते, मी रिक्षाने रस्त्याने गेले. तपासणी अर्धवट सोडायची नाही, एवढाच माझा हेतू.

कासमभाई चिंचेखाली खाटेवर बसले होते. उंच, पांढरी दाढी, डोळे वाटेकडे. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. आम्ही दोघांनी वाट बघितली. थोड्या वेळाने वरच्या वळणावर धूळ दिसली, मग करडी सायकल, तिचं पुढचं चाक दगडांवर मान खाली-वर करत येत होतं. दादा उतरले. मला हाक नाही, कासमभाईंना सलाम नाही. आधी त्यांनी दोन्ही हात समोर धरले. बोटं उघडली. मिटली. पुन्हा उघडली.

खाटेवरून कासमभाईंनी दोन बोटं आडवी धरून झटकली. कांडी संपली.

मग जे सुरू झालं ते दीड तास चाललं. एक शब्द नाही. हात वर जात, खाली येत, बोटं फिरत, मांडीवर थापा पडत. मध्येच कासमभाई इतके हसले की खाट करकरली. मी बाजूला बसून भाकरी खाल्ली. मागच्या शुक्रवारी या माणसाने सुन्न बोटं मांडीवर ठेवून इथे एवढा वेळ काढला होता, हे मला तेव्हा उमगलं.

निघताना मी विचारलं, "मुलगा मोबाइल घ्या म्हणतो ना?"

"फोनान हात दिसतान काय?" दादा म्हणाले.

घरी येऊन मी यादीत आठवा मुद्दा लिहिला: उतरल्यावर हात शाबूत पाहिजेत.

ती सायकल चार वर्षं डोंगर चढली-उतरली. मग एका पावसाळ्यानंतर कासमभाई गेले. डोंगराची अलीकडची बाजू मुरुमासाठी खोदायला घेतली, वाटही गेली. सायकल आमच्या जिन्याखाली आली. दादा तिला तेल देत आणि पुढचं चाक दाबून बघत.

कासमभाई गेल्यानंतरचा पहिला शुक्रवार मला आठवतो. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. दादा त्यांच्या दारातल्या बाकावर बसले होते. त्यांनी वर बघितलं आणि दोन बोटं आडवी धरून झटकली. मी गच्चीवरून, जमेल तशी, तीच खूण परत केली.

ते उठून आमच्या गेटपर्यंत आले. मान वर करून माझ्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले.

"बोट सरल धर, वयनी," ते म्हणाले. "तोतरं बोलतंस."