पादचारी-शोधाची आणि आडव्या पालखीची हकीकत

ज्यांची पूजा सर्व करिती आणि ज्यांस वाट कोणी देत नाही, ऐशा चरणांस दंडवत घालोन लिहिले जाते. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरी, एका नगरी हमरस्त्याचे ऐन मधोमध सरकारांनी रयतेस रथांत चढाउतरावयास रथतळ उभारिला, आणि त्यास फरसबंदी केली, कमानी केल्या, वरी कळस चढविला, आणि कळस चढल्यावरी ध्यानी आले की कडेवरोन तळापावेतो माणसाने जावे कैसे, याची मसलत कोणी केलीच नाही. रथ ऐसे भरधाव की कुत्रेही शेपूट आवरोन माघारी फिरे. मग रयतेने बोंब मारिली, आणि मग दरबारी ठराव जाहला की लोक पायी चालतात किंवा कैसे, याचा आधी शोध व्हावा. विडा सरदार रायाजीराव यांनी उचलिला. राव थोर विद्वान. चालण्याची विद्या शिकावयास परमुलखी जाऊन आलेले, तेही बसोन.

शोधाचे दिवशी ठकूबाई कासारीण कडेस उभी होती. दूरच्या पेठेत तिची लेक रंगू बाळंतपणास अडली होती, आईच पाहिजे म्हणोन हट्ट धरोन होती, आणि तिकडचा रथ तळावरोनच मिळणार. बाई पदर खोचोन पुढे होई आणि जीव मुठीत धरोन मागे येई. तोच रावांची स्वारी पालखीतोन आली. दस्तूर ऐसा की सरदार निघाले म्हणजे चोपदारांनी पुढे जाऊन रस्ता मोकळा करावा. तैसा केला. चालणारे तितके बोळांत कोंडिले, ठकूबाईसही रेटिली, आणि मग रावांनी पडदा सारोन दुर्बीण लाविली. उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले. रथ उदंड, पायी माणूस एक नाही. तेव्हा राव मोठ्याने सांगते जाहले की या नगरीचे लोक चालतच नाहीत, सबब वाटेची गरज नाही, कडेची जागाही रथांस द्यावी.

हे ऐकोन ठकूबाईच्या तळपायाची आग मस्तकी गेली. चोपदाराच्या काठीखालोन निसटोन ती पालखीस सामोरी जाहली आणि म्हणाली, "राव, मी चालत्ये. माझी लेक अडली आहे तिकडं."

राव शांतपणे वदले, "बाई, आम्ही आत्ताच पाहिले. तुम्ही नव्हता."

"बोळात कोंडल्यावर दिसीन कशी? ते राहू द्या. तुमच्या बुडाखाली ही पावलं चाललीत, ती तरी धरलीत का हिशोबात?"

रावांनी खाली कधी पाहिलेच नव्हते. त्यांनी भोयांस पुढे हो म्हणोन फर्माविले. म्होरक्या भोई सिदू याने एकवार बाईच्या तोंडाकडे पाहिले, खांदा वळविला, आणि पालखी रस्त्यात आडवी नेऊन ठेविली. रथ जागीच थबकले.

"मावशी, निघा," तो म्हणाला. "सरदारावर रथ घालायची कुणाची छाती नाही."

मग बोळांतली रयत लोटली, आणि ठकूबाई पहिला रथ धरोन गेली, आणि रंगूचा हात तिने हाती घेतला तेव्हा नात अजोन जन्मावयाची होती.

तात्पर्य, शोध दाखल जाहला तो ऐसा: लोक चालत नाहीत, परंतु सरदार रस्त्यात बसविला असता पलीकडे जातात. दरबारास हे मानवले. तेव्हापासोन रायाजीरावांस नित्य पालखीसकट रस्त्यात ठेवितात. ऊन फार लागते, ऐसी त्यांची तक्रार आहे. तिचा शोध चालू आहे.