अण्णांचा समुद्र

ताईचे पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि अण्णांनी त्याला उत्तर धाडले नव्हते. पत्र लहानसेच होते. "अण्णा, घरात समुद्र केलास म्हणतोस. खारं पाणी, प्रवाळ, रंगीत मासे, सगळं. जन्मभर तू नुसतं वाचलंस, केलं काहीच नाहीस, म्हणून मला आधी ते खोटंच वाटलं. पाहायला कधी येऊ ते कळव."

अडचण एवढीच होती, की ताईला जे खोटे वाटले ते खोटेच होते. अण्णांच्या घरात समुद्री मत्स्यपालनावरची पुस्तके होती, समुद्र नव्हता. मागच्या पत्रात ते 'करणार आहे' असेच लिहायला बसले होते. पण थोरल्या बहिणीला 'करणार' हा शब्द पुन्हा एकदा लिहायचा, म्हणजे तिचे हसू इथवर ऐकू आले असते. म्हणून त्यांनी 'केला आहे' असे लिहिले आणि आपला विचार बदलायच्या आत पाकीट चिकटवून टाकले.

आता समुद्र करणे भाग होते.

काचेची मोठी टाकी आली. तिच्याखाली ठेवायला दारांचे लाकडी कपाट आले आणि त्या कपाटात मावणारी दुसरी, धाकटी टाकी आली. हिला संप म्हणतात. वरच्या टाकीतले पाणी एका नळीने खाली संपात उतरते, तिथे गाळले जाते आणि पंप ते दुसऱ्या नळीने पुन्हा वर चढवतो. संप कधीही पूर्ण भरू नये, असे पुस्तकात ठळक अक्षरांत होते. पंप थांबला की वरचे पाणी थोडेफार खाली येते, त्याला जागा लागते. अण्णांनी ते वाक्य दोनदा वाचले, सुताराला सांगून संपाच्या काचेवर खडूची रेघ मारून घेतली आणि कपाट बंद केले. ते त्यांनी पुन्हा उघडले नाही.

त्याचे असे होते, की त्या घरात एक कायदा चाले. अण्णांची कंबर वाकत नसे आणि काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, खांदा वर जात नसे. त्यामुळे कमरेच्या वरचे सगळे अण्णांकडे आणि कमरेच्या खालचे सगळे काकूंकडे, अशी वाटणी झाली होती. दिवे, घड्याळ, वरचे फडताळ ही अण्णांची हद्द. खालचे खण, पायपुसणी आणि पलंगाखालची धूळ ही काकूंची. संप आपोआप काकूंच्या राज्यात गेला.

"हे खाली काय आहे हो?" काकूंनी विचारले.

"ते... पाणी असतं."

"अर्धंच?"

"असतं तसं," अण्णा म्हणाले. दुसऱ्याला समजावण्याइतके आपल्याला ते समजले आहे की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

'असतं तसं' हे काकूंच्या लेखी उत्तरच नव्हते. अर्धे भांडे म्हणजे कुणीतरी केलेला आळस. त्यांनी खडूची रेघ ओल्या फडक्याने पुसून काढली आणि पिण्याच्या पाण्याच्या जगमध्ये आदल्या दिवशीचे उरलेले पाणी, जे आजवर कुंड्यांना जायचे, ते रोज सकाळी संपात ओतायला सुरुवात केली. नवऱ्याला त्या काही बोलल्या नाहीत. एवढ्या हौसेने काहीतरी करतोय, उगाच त्याची चूक कशाला काढा.

वर अण्णा दगड रचून, पाणी खेळते ठेवून, रोज काचेच्या नळीने खारेपणा मोजत. रोज तो कालच्यापेक्षा उतरलेला असे. दुसरा कुणी म्हणाला असता, कोणीतरी यात पाणी घालतंय. अण्णा म्हणाले, आपल्याला मोजता येत नाही. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा मोजले. मग काकू आंघोळीला गेल्या की तेवढ्या वेळात ते मगभर पाणी काढून त्यात समुद्री मीठ विरघळवीत आणि गुपचूप परत ओतीत. तेही बायकोला सांगितले नाही. आधीच तिला आपल्याबद्दल शंका, त्यात भर कशाला.

अशा रीतीने ते नवराबायको एकमेकांचे मन जपत, एकाच समुद्रात एकजण पाणी आणि एकजण मीठ घालत राहिले.

पुन्हा मीठ न्यायला आलेल्या अण्णांकडे बघून दुकानदार म्हणाला, "काका, मासे पाळताय की खारवताय?"

"मासे अजून घेतलेच नाहीत."

"मग घ्या की. मिठाला तेवढीच सोबत."

मासे सोडण्याआधी दगड पाण्यात मुरू द्यायचे असतात, ते दिवस तसेही भरत आले होते. अण्णांनी नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, शेवाळ खाणारी एक गोगलगाय आणि बोटाएवढे प्रवाळ आणले. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्यांना हळूहळू नव्या पाण्याची सवय केली, आत सोडले आणि संध्याकाळी पहिला घास द्यायला उभे राहिले. खाऊ घालताना पंप बंद करावा, असे पुस्तक म्हणत होते. नाहीतर अन्न नळीतून वाहून जाते. बटण भिंतीवर, म्हणजे अण्णांच्या हद्दीत होते. त्यांनी ते दाबले.

पाणी शांत झाले. मोठा मासा थेट त्यांच्या बोटाखाली आला आणि खाऊ लागला. अण्णांना भरून आले. मनातल्या मनात त्यांनी पत्र लिहायलाही घेतले: ताई, परवाच ये. 'परवा'च्या जागी 'उद्या' घालावे का, असा विचार करत असताना त्यांचे पायमोजे ओले झाले.

"अहो, काय सांडलंत?" काकू बाहेर येत म्हणाल्या.

"मी नाही. मी वर आहे."

"पाणी खालून येतंय."

"मग ते तुझं."

काकूंनी कपाट उघडले. संप काठोकाठ भरून वाहत होता आणि वरून नळी त्यात आणखी ओतत होती.

"हा इतका भरला कसा?" अण्णांनी विचारले.

"मी भरला. रोज थोडा थोडा."

"तू?"

"अर्धा होता ना तो!"

अण्णांनी संपाकडे पाहिले, वरच्या टाकीकडे पाहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे मला मोजता येत होतं," ते म्हणाले.

एवढ्यात पाणी कपाटात ठेवलेल्या विजेच्या बोर्डापर्यंत पोचले. फट् असा आवाज झाला आणि सगळ्या घरातले दिवे गेले. पाठोपाठ दार वाजले.

दारात खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या. बाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर अण्णांना आपला गृहपाठ राहिल्यासारखे वाटे. आजवर जिन्यात मान हलवण्यापलीकडे त्यांनी काही बोलायची हिंमत केली नव्हती.

"माझ्या छतातून पाणी गळतंय," बाई म्हणाल्या. "आणि ते खारट आहे."

"तुम्ही चाखून पाहिलंत?" काकूंनी विचारले.

"चाखलं नाही. वर बघून 'हे काय' म्हणायला तोंड उघडलं, तर आत पडलं."

"समुद्राचं आहे," अण्णा पुटपुटले.

"कुठल्या समुद्राचं?"

"माझ्या."

वायरमनला फोन केला, तर तो म्हणाला, उद्या येतो, तोवर मेन स्विच बंद ठेवा. अण्णांनी टॉर्च टाकीवर धरला. पाणी हलत नव्हते. मघाचा मोठा मासा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करत होता. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे पाण्यात हवा नाही, हे अण्णांना पान क्रमांकासकट ठाऊक होते. आता काय करायचे ते मात्र कुठल्याच पानावर नव्हते.

"बाई, तुमच्याकडे वीज आहे," अण्णा म्हणाले. "माझे मासे रात्रभर तुमच्याकडे ठेवाल? नाहीतर ते मरतील."

काकू नवऱ्याकडे बघतच राहिल्या. पुस्तकात न बघता तो इतके सलग कधी बोलला नव्हता.

"माझं छत भिजवलंत," बाई म्हणाल्या, "आणि वर पाहुणेही पाठवताय?"

"हो," अण्णा म्हणाले. 

"इतकी वर्षं शिकवलं, पण इतकं सरळ उत्तर एकाही पोरानं दिलं नाही मला. आणा."

बादल्या खाली गेल्या. मासे गेले, दगड गेले, पंप गेला. दुसऱ्या दिवशी वीज आली. पण खाऱ्या पाण्याने कपाट फुगून वाकले होते, त्यावर टाकी ठेवायची सोय उरली नव्हती. मग टाकीही गेली आणि बाईंच्या दगडी ओट्यावर बसली. संप ओट्याखाली ठेवला. नवे कपाट तयार होऊन आले, तोवर बाईंची अण्णांकडची सगळी पुस्तके वाचून झाली होती.

"आता परत हलवलं तर प्रवाळ दगावेल," त्या म्हणाल्या. "तुमच्याच पुस्तकात आहे. आणि तिसऱ्या प्रकरणात दोन शब्द चुकलेत, ते मी दुरुस्त केलेत."

प्रवाळाला खरोखरच नवे कोंब फुटू लागले होते. अण्णा रोज संध्याकाळी खाली जाऊन खारेपणा मोजत. तो रोज तेवढाच भरे. काकू दुपारभर तिथे खुर्ची टाकून बसत; पाण्याचा जग मात्र बाई त्यांच्यापासून लांब ठेवत.

शेवटी अण्णांनी बाईंना वेळ विचारून घेतली आणि ते पत्र लिहायला बसले. 'ताई, समुद्र केला आहे.' या खेपेला वाक्य सरळ उतरले.

काकू खांद्यावरून वाचत होत्या. "मी पाणी घातलं, ते लिहिलंत?"

"नाही. मी मीठ घातलं, तेही नाही."

"मग काय लिहिलंत?"

अण्णांनी कागद त्यांच्या हातात दिला. पुढे लिहिले होते: 'रविवारी चार ते पाच या वेळात पाहायला ये. त्याआधी आणि त्यानंतर पाहू देत नाहीत. जिना चढताना आमच्या एक मजला आधी थांब. आम्ही दोघं तिथेच असू, आत घेतलं असेल तर.'

काकूंनी कागदाची घडी घालून पाकिटात सरकवली आणि अण्णांनी ते खाली जाऊन पेटीत टाकले.