गावात एक गार दिसता कामा नये

नुकसान किती झालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. आदल्या दिवशी दुपार कलताना गारा सुरू झाल्या आणि दिवेलागणीपर्यंत पडत राहिल्या. माळवदावर कोणी जोंधळ्याची पोती ओततंय असा आवाज होता. सगळं गाव घरात बसून वर बघत होतं. सकाळी आश्रुबा शेतात गेला. घाट्यांवर आलेला हरभरा जमिनीला चिकटून पडला होता. आश्रुबा बांधावर बसला.

हा हरभरा त्याच्या बायकोने, धुरपताबाईने पेरला होता. तो बैल हाकत होता आणि मागून बी सोडत तीच चालली होती. वाण तिच्या माहेरचा, जिंतूरकडचा, बारीक दाण्याचा. दरवर्षी ती त्याचं बी राखेत घोळून गाडग्यात धरून ठेवायची. पौषात ती तापाने गेली. गाडग्यात तेव्हा काही नव्हतं, कारण सगळं बी पेरून झालं होतं. म्हणजे त्या वाणाचं जे काही उरलं होतं, ते याच रानात पडलं होतं.

आश्रुबाने एक झाड उचलून पाहिलं. खालच्या अंगाला थोडे घाटे भरलेले होते. आजच्या आज वेचले, वाळवले, तर पुढच्या सालाचं बी निघण्यासारखं होतं. चिखलात राहिले तर कुजणार होते. तो टोपली आणायला उठला आणि गावाकडे निघाला.

रानातल्या गारा मातीत विरल्या होत्या, पण गावात गारांचा थर तसाच होता. सावलीच्या बाजूला तर पिंढरीपर्यंत. चावडीच्या ओट्यावर किशनराव पाटील उभे होते आणि ओरडत होते.

"कुनी बी रानातल्या काडीला हात लावायचा न्हाई! तहसीलदारसाब शेजारच्या गावाला दौऱ्यावर हायेत. मी सांगावा धाडलाय. दुपारपत्तुर येतेत. पंचनामा झाल्याबिगर कुनी एक घाटा जरी तोडला, तर समद्या गावाचा पंचनामा जाईल!"

"पाटील, मला निस्तं बियापुरतं येचायचं हाय," आश्रुबा म्हणाला.

"साब बघून गेले की येच. सांज व्हायच्या आत मोकळा व्हशील."

आश्रुबाने टोपली घेतलीच नाही. सांजेपर्यंत थांबायला त्याची हरकत नव्हती.

साहेब येणार म्हटल्यावर किशनराव चावडीच्या ओट्यावरून खाली उतरले. उतरले म्हणजे पहिली पायरी ते पायाने उतरले आणि बाकीच्या बसून. खाली गारांत बसल्या बसल्याच त्यांना साहेबांच्या बुटांची आठवण झाली. मागच्या दौऱ्यात शेजारच्या गावी चिखलात साहेबांचा बूट रुतून बसला होता, आणि तिथल्या पाटलाला सगळ्यांदेखत ऐकून घ्यावं लागलं होतं.

"बन्सीधर!" त्यांनी कोतवालाला हाक मारली. "दवंडी दे. साब यायच्या आत गल्ली साफ झाली पायजे. गावात एक गार दिसता कामा नये!"

साहेब आले की गल्ली साफ करायची, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या पाठ होतं. त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. फावडी निघाली, टोपल्या निघाल्या, दाताळी निघाली. गारा भरायच्या आणि ओढ्यात टाकायच्या. ओढ्याला पाणी जोरात होतं, ते गारा घेऊन जात होतं. भरताना लोक पडत होते आणि नेतानाही पडत होते. एकजण पडला की टोपली उपडी व्हायची आणि तिच्यातल्या गारांवरून मागचा पडायचा. पाटलांची चुलती बायनाबाई दारात बसून हे बघत होती. तिने तेवढ्यात एक घागर गारांनी भरून घरात ठेवली होती. गारांचं पाणी भाजल्यावर लावायला चांगलं, म्हणून ती ते दरवर्षी धरून ठेवायची.

"किशन्या," ती म्हणाली, "उन्हं वर आली की आपसूक इतळतेल ना रे गारा. कामून गाव पाडायलास?"

"काकू, तुला सरकारी कामातलं कळत न्हाई."

"मला पडायचं तर कळतंय."

बराचसा थर निघाला, पण खालचा थर तुडवून तुडवून काचेसारखा झाला होता. तो फावड्याला दाद देईना. मग किशनरावांनी चुलीतली राख आणवली. राख टाकली, तर ती पाण्यात कालवली गेली आणि गल्ली काळी झाली. काळ्या गल्लीत लोक आता काळे होऊन पडू लागले.

तेव्हा किशनरावांना सरकीची आठवण झाली. सेलूच्या जिनातून म्हशींसाठी गाडीभर सरकी त्यांनी नुकतीच आणली होती. "खरबडीत आसती सरकी," ते म्हणाले. "पाय धरून ठिवती. वता!"

गाडीभर सरकी गल्लीत पसरली. ती पाय धरते की नाही हे दाखवायला किशनराव स्वतः पुढे झाले. त्यांनी एक पाऊल टाकलं. दुसरं टाकायची गरज पडली नाही. सरकीचे दाणे पायाखाली गडगडत गेले आणि वरती पाटील, हात पसरून, ताठ उभे, चावडीपासून मारुतीच्या देवळापर्यंत पाय न उचलता गेले. देवळाच्या खांबाला मिठी मारून ते थांबले.

"देवाला गेले का पाटील?" कोणीतरी विचारलं.

"जाऊ दे," बायनाबाई म्हणाली. "लय दिसांनी गेला."

इकडे सरकी भिजली होती. भिजल्या सरकीचा वास म्हशींना किती लांबून येतो हे मोजायची गरज नव्हती, कारण गावातल्या सगळ्या म्हशी दावी तोडून गल्लीत आल्या. त्यांना हाकलायला माणसं गेली आणि पडली. म्हशीही पडल्या, पण त्या पडल्या पडल्या खात राहिल्या. सरकी संपत आली तेव्हा गल्लीत शेण होतं, आणि शेण म्हटल्यावर बायकांनी आपसूक सडा घातला. सड्याच्या पाण्याने आणि वर आलेल्या उन्हाने उरलासुरला बर्फही गेला. सडा वाळला, रांगोळ्या निघाल्या. उरलीसुरली सरकी आणि शेवटच्या टोपल्यांतल्या गारा बन्सीधरने चावडीमागे सावलीत ढीग करून टाकल्या, वरून कडब्याचा भुसा पसरला आणि कपाळ पुसलं.

साहेबांची बैलांची दमणी आली ती अशा गल्लीत. दमणीतून आधी बूट उतरले, मग शेरवानी आणि रुमी टोपी घातलेले साहेब, मग दौत घेतलेला पेशकार. साहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दारोदार रांगोळ्या होत्या.

"पाटील," साहेब म्हणाले, "गारां किधर हैं?"

"हुजूर, एक बी ठिवली न्हाई," किशनराव अभिमानाने म्हणाले.

"कायकू?"

किशनरावांनी रांगोळ्यांकडे हात केला. "हुजूर येनार मनून..."

"मैं गारां देखने कू आया," साहेब म्हणाले. "तुम रांगोळी दिखारे."

गावाने एकमेकांकडे पाहिलं. मग एकदम सगळे बोलू लागले. आश्रुबा पुढे झाला. "हुजूर, रानात चला. हरभरा बघा. समदा आडवा झालाय."

साहेबांनी गावाबाहेरच्या काळ्या चिखलाकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. तेवढ्यात समोरून पाटलांची म्हैस तोंड हलवत गेली. तिच्यामागून दुसरी, तीही तोंड हलवत.

"ये क्या खारे?" साहेबांनी विचारलं.

"सरकी, हुजूर."

"सरकी? इतकी म्हशी मोकळी. चना यांनीच खाल्ला असेल." साहेबांना लागेल तेवढं मराठी येत होतं. पेशकाराने मान डोलावली आणि टाक दौतीत बुडवला.

किशनराव मागे वळले. "बन्सीधर! गार आन! कुठून बी आन!"

सकाळपासून जे गाव गारा घालवत होतं ते आता गारा शोधू लागलं. लोक ओढ्यावर धावले. ओढा नुसता वाहत होता. कोणी आडात डोकावलं, कोणी कणगीखाली हात घातला. किशनराव स्वतः बायनाबाईच्या दारात गेले.

"काकू, तुझी घागर दे."

"न्हाई द्यायची. औषध हाय."

"काकू, गावच्या इज्जतीचा सवाल हाय!"

"सकाळी मी काय मनले व्हते?"

"तू मनलीस ते खरं. दे आता."

बायनाबाईला एवढंच ऐकायचं होतं. तिने घागर दिली. किशनरावांनी ती साहेबांसमोर आणून ठेवली आणि फडकं काढलं. साहेब वाकले.

"पानी है," ते म्हणाले.

"गारांचं हाय, हुजूर."

"पानी पे लिखा है क्या?"

आश्रुबा चिखलाकडे बघत होता. ऊन चढलं होतं. घाटे तिकडे भिजत पडले होते. "हुजूर," तो म्हणाला, "माझं एकट्याचं रान बघा. हितंच हाय, आखरापल्याड. मला बी धरायचं हाय निस्तं."

साहेब त्याला काही म्हणणार एवढ्यात बन्सीधरला चावडीमागचा ढीग आठवला. तो ओरडला तसा सगळा लवाजमा चावडीमागे गेला. भुशाचा ढीग शांत पडला होता. साहेबांना तो कडबा वाटला. ते म्हणाले, "किधर?" आणि वर चढून बघायला गेले.

बूट भुशात गेला, भुशातून सरकीवर गेला, सरकीवरून बर्फावर. साहेब वर गेले ते थांबेनात. किशनरावांनी त्यांना धरलं, मग दोघेही थांबेनात. पेशकाराने किशनरावांचं धोतर धरलं, तेवढं मात्र त्याच्या हातात राहिलं. ढिगाच्या पलीकडून धप्प असा आवाज आला. सगळे धावत गेले. साहेब पांढऱ्याशुभ्र गारांत मांडीपर्यंत बसले होते, त्यांच्या मांडीवर धोतर नसलेले पाटील होते, आणि पडलेल्या रुमी टोपीतली सरकी एक म्हैस सावकाश खात होती.

"हुजूर!" आश्रुबा आनंदाने ओरडला. "हीच गार! हीच!"

साहेब उठू लागले आणि पुन्हा बसले. त्यांना उठवायला जो पुढे येत होता तो शेजारी येऊन बसत होता. शेवटी ते आपणच उठले. कसे उठले हे बघण्यासारखं होतं. त्यांनी गुडघे वाकवले, हात पसरले आणि अगदी लहान लहान पावलं टाकत ते बर्फावरून बाहेर आले. एकदाही घसरले नाहीत.

"मैं काश्मीर जाके आया," ते म्हणाले. "लिखो!"

पेशकार लिहू लागला. गाव गोळा झालं. आश्रुबाने हात जोडले. गार सापडली होती, साहेबांनी ती अंगाने पाहिली होती, आता पंचनामा होणार यात कोणालाच शंका नव्हती. साहेबांनी बराच वेळ सांगितलं. मग पेशकाराने वाचून दाखवलं.

तो हुकूम होता. या गावात गार पडल्यास ती काढण्याची आणि तिच्यावर चालण्याची रयतेला काहीच माहिती नाही, हे साहेबांच्या नजरेस आलं होतं. तरी घरटी एक लाकडी फावडं ठेवावं. गार काढल्यावर मीठ पसरावं, सरकी पसरू नये. चालताना पावलं आखूड टाकावीत, तळवा पुरता टेकवावा, हात घोंगडीत घालू नयेत, आणि एकंदर बदकासारखं चालावं. पाटलांनी सगळ्यांकडून याची कवायत करून घ्यावी. साहेब पुढच्या दौऱ्यात ती पाहतील.

"भाकरीला मीठ पुरंना," बायनाबाई म्हणाली, "अन गल्लीला घाला!"

बन्सीधरने हात वर केला. "हुजूर, आमी बदक बघितलं न्हाई. गाभन म्हशीवानी चाललं तर जमंल का?"

साहेबांनी विचार केला. "जमेगा."

"अन हरभरा, हुजूर?" आश्रुबाने विचारलं.

"अगले दौरे में," साहेब कंबर धरून म्हणाले. "तब तक कोई हात नक्को लगाना."

संध्याकाळी बायनाबाई आश्रुबाकडे आली. "आरं, घे की वंजळभर येचून. कोन बघायलंय?"

"एका वंजळीपायी गावाचा पंचनामा जाईल, काकू."

"धुरपता आसती तर तिनं आयकलं नसतं तुझं."

"नसतं आयकलं," आश्रुबा म्हणाला. "तिनं कवाच आयकलं न्हाई." आणि बऱ्याच दिवसांनी तो थोडा हसला.

पुढचा दौरा चैत्र सरताना झाला. तोवर रोज सकाळी कवायत होत होती. साहेब नेमके भर दुपारी आले. गल्लीतली माती तव्यासारखी तापली होती. बन्सीधरने डफ वाजवला तसं सगळं गाव लाकडी फावडी खांद्यावर घेऊन बाहेर आलं आणि गाभण म्हशीच्या चालीने चावडीकडून देवळाकडे निघालं. तळवा पुरता टेकवायचा होता, आणि तो टेकवला की चटका बसत होता, त्यामुळे म्हशी जरा उड्या मारत होत्या.

"आहिस्ता!" साहेब छत्रीखालून ओरडले. "फिसल जाओगे!"

"हौ, हुजूर!" किशनराव घामाने निथळत म्हणाले आणि आणखी आखूड पावलं टाकू लागले.

"किशन्या," बायनाबाई दारातून म्हणाली, "संबाळून रं. गार हाय खाली."

साहेब मनापासून खूष झाले. या गावात आता गार पडली तर एकही माणूस पडणार नाही, असं त्यांनी पेशकाराला लिहून घ्यायला लावलं. किशनरावांना शाबासकी मिळाली. मग साहेबांनी मान पुसली आणि ते दमणीकडे चालू लागले.

आश्रुबा फावडं घेऊनच मागे धावला. "हुजूर, हरभरा."

साहेबांनी रानाकडे पाहिलं. रान उन्हात हलत होतं. "बहोत धूप है," ते म्हणाले. "अगले दौरे में." दमणी निघून गेली.

आश्रुबाच्या रानात हरभरा अजून तसाच आडवा आहे. पंचनामा व्हायचा आहे, आणि बी धरायचं राहिलं आहे.