पाच जणांनी पाहिलेला मासा

मंगळवारी सकाळी मुलीचा डबा भरता भरता संजीवने फोनवर एक मेल उघडली, आणि पोळीचा रोल त्याच्या हातातच राहिला.

मेल हवाईहून आली होती. मागच्या आठवड्यात सुट्टीवर असताना तो आणि विनीता तिथे स्वयंसेवकांच्या एका बोटीवर गेले होते. प्रशांत महासागरातल्या बेटांभोवती, प्रवाळांमध्ये कुठला मासा कुठे सापडतो याची नोंद ही मंडळी वर्षानुवर्षं करत होती. मोहिमेच्या प्रमुख डॉ. केआलोहा यांनी लिहिलं होतं, 'तुम्ही नोंदवलेला क्लाउनफिश हवाईत सापडत नाही. पण बोटीवरच्या पाच जणांनी स्वतंत्रपणे तीच नोंद केली आहे. आमचे दोन पाणबुडे कालपासून तिथे शोध घेत आहेत. गुरुवारी व्हिडिओवर बोलू या का?'

संजीवला क्लाउनफिशच काय, कुठलाच मासा दिसला नव्हता.

झालं होतं असं. विनीता दोन वर्षं पोहण्याच्या क्लासला जात होती, तिनेच दोघांची नावं दिली होती. संजीवला पोहता येत नव्हतं. पण लग्न ठरताना 'मी कराडला कृष्णेत पोहूनच मोठा झालो' असं त्याने सांगून ठेवलं होतं, आणि कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आल्यापासून अकरा वर्षांत ते तपासायची वेळ आली नव्हती. त्या दिवशी लाइफ जॅकेट घालून तो शिडीवरून उतरला, बोटीची दोरी दोन्ही हातांनी धरली आणि चाळीस मिनिटं डोळे घट्ट मिटून तरंगत राहिला. वर आल्यावर पाहिलेले मासे प्लॅस्टिकच्या पाटीवर लिहायचे होते. कोरी पाटी बरी दिसेना. चित्रांच्या तक्त्यावर साऱ्या प्रशांत महासागरातले मासे होते. त्यातला एकच त्याच्या ओळखीचा निघाला, केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा. त्याने लिहिलं, क्लाउनफिश, दोन.

आता हे बाकीचे चार कोण?

"विनीता, तू क्लाउनफिश लिहिलास?"

"हो. का रे?"

"दिसला तुला?"

विनीता चहाचा कप घेऊन थांबली. "तुझ्या पाटीवर वाचला. मग आठवलं, मलाही केशरी काहीतरी दिसलं होतं. त्या रिटायर्ड कपलला मी दाखवलं, त्यांनी त्यांच्या मित्राला. छान माणसं होती ना?"

"छान होती," संजीव म्हणाला आणि पोळीचा रोल डब्याऐवजी स्वतःच्या लॅपटॉपच्या बॅगेत घालून ऑफिसला निघाला.

कंपनीच्या शटलमध्ये त्याने सगळं कुमारला सांगितलं. कुमार डेटाबेस सांभाळायचा आणि इमिग्रेशनवर सल्ला द्यायचा, तोही न मागता.

"तुझं ग्रीन कार्ड कुठवर आलंय?"

"पेंडिंग."

"आणि हा डेटा गव्हर्नमेंट वापरतं?"

"वापरत असेल."

"मग हे फॉल्स स्टेटमेंट झालं ना यार."

"अरे, माशाबद्दल?"

"कायद्यात माशांचा वेगळा कॉलम नसतो," कुमार म्हणाला आणि हेडफोन लावून मोकळा झाला.

बुधवारी दुसरी मेल आली. मासा अजून सापडला नव्हता, म्हणून तिसरा पाणबुडा आणि आणखी एक बोट मागवली होती. त्या रिटायर्ड बाईंना दरम्यान आठवलं होतं की माशांची जोडी अंडी राखत बसली होती. संजीवचं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. दिवसभर त्याने इतरांच्या चुका शोधल्या, पण त्याच्या डोळ्यांसमोर ती नसलेली अंडीच येत राहिली. लवकरच त्यांतून पिल्लं बाहेर येतील आणि तीही कोणीतरी मोजेल, असं त्याला वाटू लागलं.

गुरुवारी कॉल सुरू झाला तेव्हा विनीता शेजारीच बसली होती, केस नीट बांधून. डॉ. केआलोहांनी तोंड उघडायच्या आत संजीव बोलून गेला, "मॅडम, मी मासा पाहिलेला नाही. मला पोहता येत नाही. मी डोळे मिटून दोरी धरून होतो. बाकीच्यांनी माझं बघून लिहिलं असावं."

विनीताने हळूहळू मान वळवली.

"आणि कराडची कृष्णा?" तिने मराठीत विचारलं.

"काठावर बसायचो."

डॉ. केआलोहा रागावल्या नाहीत. "असं स्वतःहून कोणी सांगत नाही," त्या म्हणाल्या. "थँक यू. मी बाकीच्या चौघांनाही विचारते."

संजीवला तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. घरात मात्र पुढचे दोन दिवस कृष्णाच वाहत होती. 'ग्रीन कार्डच्या फॉर्ममध्ये तरी खरं लिहिलंयस ना?' इथपर्यंत ती येऊन पोहोचली. तरी संजीव ऐकून घेत होता. सगळं मिटलं होतं, एवढंच त्याला पुरेसं होतं.

शनिवारी मेल आली. तिची प्रत विनीतालाही होती.

'आम्ही चारही जणांशी वेगवेगळं बोललो. आपण मासा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, यावर चौघंही ठाम आहेत. त्यामुळे शोध आठवडाभर वाढवला आहे. तुमची नोंद मात्र आम्ही रद्द करत आहोत.'

संजीवने मेल दोनदा वाचली. "चौघं? म्हणजे तू पण?"

"मग काय," विनीता शांतपणे म्हणाली. "डोळे उघडे ठेवले असतेस, तर तुलाही दिसला असता."