देवराईंतील बेहड्याची फांदी उतरविली त्याचें वर्तमान

श्रीवनदेवी प्रसन्न. जी झाडास उभें ठेविते आणि माणसास त्याखालीं वांकविते, तिचे पायीं मस्तक ठेवून, कानीं आलें तैसें लिहिलें असे. शके सतराशें त्र्यायशीं, दुर्मतिनाम संवत्सरीं, समुद्रालगतच्या एका राज्यांत ऐसें वर्तलें. राज्याचें नांव लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. त्या राज्यांत देवराई होती आणि राईंत बेहड्याचा थोर वृक्ष होता, पांच जणांनीं कव घातली तरी हातास हात लागूं नये आणि चाळीस हात उंचीपर्यंत फांदी म्हणून नाहीं. आश्विनांत तुफान जाहालें, त्यांत त्याची एक फांदी, गलबताच्या डोलकाठीएवढी, मोडली आणि पडली मात्र नाहीं, वरच्याच एका बेचक्यांत अडकून राहिली, आणि बरोबर तिच्याखालीं तळी, आणि गांवास पिण्याचें पाणी काय तें तेवढेंच. मग बायका फांदीखालून जात आणि घागर भरीत आणि वर पाहात नसत, कां कीं वर पाहिलें म्हणजे पाय उचलत नसे. कार्तिकांत त्या फांदीची एक डहाळी सुटली आणि गुरवाच्या सुनेचा खांदा निखळला, तेव्हां गोष्ट श्रीमंतांचे कानीं गेली. श्रीमंत बोलिले, "झाड तोडावें." गुरव हात जोडून बोलिला, "सरकार, राईंतल्या झाडाला लोखंड लावायचें नाहीं, देवीची चाल आहे." तेव्हां श्रीमंत स्वस्थ बसले, आणि त्या राज्यांत बहुत कामांचा आरंभ ऐसाच होत असे.

आतां पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे, त्यांचा म्होरक्या सटू, आणि सटूची बायको भागी. सटू चढे तो कोयत्यानें खोडास पायापुरत्या खापा पाडून आणि खोडास मिठी मारून. बेहड्यास खाप पाडण्याची बंदी आणि मिठींत तें खोड मावेना, म्हणून हें काम आपल्या घरावर येणार नाहीं ऐसें भागी मनांत धरून होती. पाडेल्यांची जुनी चाल ऐसी कीं माणूस वर असतां खालच्यांनीं "धर" एवढेंच म्हणावें. "सोड" हा शब्द झाडाखालीं तर नाहींच, घरींही उच्चारूं नये, आणि बायकोनें कसलीही गांठ सोडूं नये. भागीनें पंचवीस वर्षें हें पाळिलें. नवरा उतरून आला नाहीं तोंवर गाईचें वासरूं दाव्याचें मोकळें केलें नाहीं. वासरूं ओरडून ओरडून दावें तोडी, तें पाप त्याचें तें.

मग कारभारी विसाजीपंत बंदरास गेले होते ते माघांत परतले आणि सोबत दर्यापारचा एक मिस्त्री आणि त्याची लोखंडी कळ घेऊन आले. ती कळ कंबरेच्या पट्ट्यास लावावी आणि दोर तींतून ओवावा, मग दोर वर सरकवावा तितका सरके आणि खालीं एक बोटभर सुटूं नये, म्हणून लोकांनीं तिचें नांव घोरपड ठेविलें. पायांत दोराचा फांस, त्यावर उभें राहावें, घोरपड वर ओढावी, तींत बसावें, पुन्हा उभें राहावें, ऐसें चढावें. उतरावयास एक खटका होता, तो दाबला कीं घोरपड दोर सोडी, हात काढला कीं पुन्हा चावे. गुरव बोलिला, "पंत, हेंही लोखंडच." पंत बोलिले, "लोखंड दोराला लागेल, दोर झाडाला लागेल. लोखंड झाडाला लागतें कुठें?" मग देवीस कौल लाविला आणि देवीनें उजवा दिला. भागी बोलिली, "देवीचें काय जातें, तिला थोडंच चढायचंय." पण सटूनें चढावें ऐसा सरकारचा हुकूम जाहाला.

सटूच्या अंगणांत फणसाला दोर टांगिला आणि खालीं पेंढा घातला आणि मिस्त्री शिकवूं लागला. मिस्त्रीनें एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, कीं भय वाटलें तर दोन्ही हात काढावे, कळ आपोआप धरिते. सटू चढला बरा, परंतु मिस्त्रीनें दोर हालविला कीं त्याची मूठ आवळे आणि मुठींत नेमका खटका सांपडे आणि सटू धाडकन पेंढ्यांत बसे. ऐसें तीन वेळ जाहालें. सटू बोलिला, "मिस्त्री, ह्या हातांना धरायचंच शिकवलंय. बापानं मारून शिकवलंय." मग भागी बोलिली, "मी बसून बघतें." लोक हंसले. ती पट्टा बांधून तीन हात वर चढली आणि दोर हालतांच दोन्ही हात वर केले आणि तैसीच लोंबत राहिली. तिच्या हातांस झाडाची संवय नव्हती, तेंच कामीं आलें. सटू खालून पाहात होता, बोलिला, "तूंच जा मग." ती बोलिली, "गेलें असतें. आधीं तुमचं जेवण कोण करील तें ठरवा."

मग नेमल्या दिवशीं बाणास सुतळी बांधोन बाण वरच्या बळकट फांदीपल्याड सोडिला आणि सुतळीमागें दोर ओढून घेतला. श्रीमंत छत्रीखालीं बसले. फांदी पडली तरी छत्रीपर्यंत येऊं नये हें अंतर पंतांनीं आधींच पावलांनीं मोजून घेतलें होतें. ढोल वाजूं लागला आणि सटू चढूं लागला, आणि भागी पाडेल्यांच्या बायकांत उभी राहून त्याच्या पायांच्या टांचा पाहात होती, टांचा लहान होत गेल्या, मग दिसेनाशा जाहाल्या. सटूनें मोडक्या फांदीस चऱ्हाट बांधिलें आणि वरच्या फांदीवरून खालीं टाकिलें आणि इशारत केली. दहा जण ओढूं लागले. फांदी बेचक्यांतून कड्कड् करीत उठली आणि फिरली आणि सटूच्या छातीवर आली, आणि सटूनें जें केलें तें त्याच्या बापानें, आज्यानेंही केलें असतें: उजव्या हातानें फांदीस मिठी मारिली आणि डाव्या हातानें सांपडला तो खटका घट्ट आवळून धरिला.

खालीं एकच कल्लोळ जाहाला, "धर, सटू, धर." मिस्त्री मात्र ओरडला, "हात सोड." दोघां पाडेल्यांनीं त्याच्या तोंडावर पंजे दाबिले आणि त्यास खालीं बसविलें. वर फांदी तसूतसूनें घसरूं लागली. ती गेली तर तिजबरोबर सटू जाणार, कां कीं घोरपडीचें तोंड त्यानें आपल्याच मुठीनें उघडें ठेविलें होतें. हें मिस्त्रीस ठाऊक, आणि त्याचें तोंड बंद. मिस्त्रीखेरीज हें एका भागीसच ठाऊक. भागीच्या मनांत आलें, आपण तो शब्द बोललों आणि माणूस पडला, तर फांदीनें मारिला ऐसें कोणी म्हणणार नाहीं, बायकोनें मारिला म्हणतील, आणि आपल्यासही तेंच वाटेल. मग ती चालूं लागली. ढोलवाल्यापाशीं जाऊन ढोलावर हात ठेविला तों ढोल थांबला, आणि ती तळीच्या कांठीं, फांदीच्या नेमकी खालीं, जाऊन उभी राहिली, कां कीं तेथूनच त्यास तिचें तोंड दिसणार होतें.

"अहो," ती बोलिली, "इकडे बघा."

"बघवत नाहीं. भागे, तूं बाजूला हो."

"मी इथंच आहें. तुम्ही काय धरलंय?"

"फांदी धरलीय. घट्ट धरलीय."

"ती पडायची फांदी. तीच पाडायला गेलात ना तुम्ही?"

पाडेल्यांतला म्हातारा बेंडू, सटूचा चुलता, मागून बोलिला, "सूनबाई, तोंड सांभाळ." भागीनें मागें पाहिलें नाहीं. पहिल्या खेपेस ओंठ हालले आणि आवाज आला नाहीं. मग आला. "सोडा," ती बोलिली, "आधीं डावा हात. डावा सोडा, मग उजवा." बायकांनीं कानांवर हात ठेविले आणि म्हातारा धुळींत थुंकला. सटू रडत बोलिला, "सुटत नाहीं गे." ती बोलिली, "एक बोट सोडा. करंगळी सोडा. मी मोजतें." आणि मोजिलें, एक, दोन, तीन, पाटावर बसलेल्या पोरास घांस मोजावे तैसें, आणि पांचाव्या बोटास डावा हात सुटला, आणि घोरपड चावली, आणि मग उजवा हात सुटला.

सटू हातभर खालीं आला आणि लोंबत राहिला, दोन्ही हात मोकळे. त्याच क्षणीं फांदी निसटली, चऱ्हाटाला झोंका बसला, दहा जण फरफटत गेले, आणि फांदी भागीच्या डोक्यावर चार हातांवर येऊन थांबली. भागीचे पाय हालेनात. गुरवाची सून धांवली आणि बऱ्या हातानें तिचा पदर धरून तिला ओढून नेलें, मग फांदी हळू उतरविली. पुढें सटू उतरेना, कां कीं आतां तो खटक्यास बोटही लावीना. दुपारचें ऊन होईतों तेथेंच लोंबत होता, आणि भागी खालून "धरा, हळू, आतां काढा, आतां धरा" ऐसें म्हणत होती, म्हणतां म्हणतां तिचा आवाज बसला.

दुसरे दिवशीं पाडेल्यांची बैठक बसली. बेंडू बोलिला, "पडला असता तर?" भागी घोगऱ्या आवाजानें बोलिली, "तर तुम्ही जन्मभर मला तेंच म्हटलं असतं, आणि मीं ऐकून घेतलं असतं. तें ठाऊक होतं, मामंजी. म्हणून तर पहिल्यांदा आवाज आला नाहीं." सटू मान खालीं घालून बसला होता, त्याच्या डाव्या तळहातावर खटक्याचा निळा वळ उमटला होता.

येणेंप्रमाणें फांदी उतरली, झाडास लोखंड लागलें नाहीं, आणि विसाजीपंतांस शालजोडी मिळाली. दप्तरांत भागीचें नांव लिहिलें नाहीं, म्हणून येथें लिहिलें असे. पाडेल्यांनीं नवी चाल घातली कीं घोरपडीवर चढणाराच्या बायकोनें खालीं उभें राहावें, आणि प्रसंग पडला तर तो शब्द तिनेंच बोलावा. मग त्यांच्या बायका भागीच्या अंगणांत जमत आणि तो शब्द म्हणून पाहात, तर शब्द घशापर्यंत येई आणि माघारा जाई. एकीनें विचारिलें, "वहिनी, तुम्हांला कसा जमला?" भागी बोलिली, "मला कुठं जमतो? उद्यां पुन्हा चढायचे आहेत ते. सकाळपासून म्हणून बघतेंय."